दुसरा नकाशा

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, ती गेली. मुलीला सांगितली नाही. पारावर तो विषय निघाला की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठायचो आणि परत येईपर्यंत लोक दुसऱ्या बोलण्यावर गेलेले असायचे. आता मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली आहेत. ज्याच्यासमोर बसून हे सांगायला हवं होतं, तो माणूस दोन महिन्यांपूर्वी मेला. म्हणून लिहितो.

गावात ही गोष्ट सांगतात ती अशी. त्या वर्षी दसऱ्यानंतर वादळाचा पाऊस आला आणि ओढ्याला पूर आला. मेंढपाळ दारू पिऊन ओढ्याकाठच्या रानात पडला होता. आबांनी मोबाईलवर नकाशा पाहून आधीच सावध केलं होतं, पण त्यानं ऐकलं नाही. अख्खा कळप बुडाला. मग त्याच्याच पाव्हण्यांनी त्याचा पाय मोडला आणि बरंच केलं.

यातला पूर खरा आहे आणि पाय मोडला हे खरं आहे. तो माणूस माळकरी होता, दारूच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. आणि सावध करणारे ते आबा म्हणजे मी.

मी पाटबंधारे खात्यात मोजणीदार होतो. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा, नदीच्या पुलाखाली रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते बघायचं आणि दोन्ही आकडे परभणीला कळवायचे. एकतीस वर्षं हेच केलं. माझे आकडे पुढे कुठल्यातरी नकाशावर जात असणार, पण तो नकाशा मला कोणी कधी दाखवला नाही. निवृत्त होऊन पिंगळीच्या पुढच्या अंगाला आमच्या गावी येऊन राहिलो, शेती बटाईनं लावली, आणि काही वर्षांनी मुलीनं मोठ्या पडद्याचा मोबाईल घेऊन दिला. त्या मोबाईलवर मी पहिल्यांदा शोधलं ते हवामान.

सुरुवातीला कचराच हाती लागायचा. वादळ म्हणून टाइप केलं की विजा कडाडणारी चित्रं, लाल अक्षरं, महाराष्ट्र बुडणार, पुढचे चोवीस तास धोक्याचे. उघडून बघावं तर तीन वर्षांपूर्वीची बातमी. हळूहळू कळत गेलं. हवामान खात्याचं पान उघडायला वेळ लागायचा, पण तिथे उपग्रहाचं चित्र अर्ध्या अर्ध्या तासानं बदलायचं आणि त्यावर वेळ लिहिलेली असायची. मग एक परदेशी नकाशा सापडला. त्यात वारे बारीक पांढऱ्या रेघांनी वाहताना दिसायचे, जात्यातून पीठ पडावं तसे. त्यात उंची बदलता येते हे मला ठाऊक नव्हतं. एकदा नऊ-दहा किलोमीटर वरचा वारा बघून मी घाबरलो आणि बायकोला पत्र्यावर दगड ठेवायला लावले. दिवसभर पान हललं नाही. ती चार दिवस हसत होती.

पुढे आणखी कळलं की त्या नकाशात पावसाचा अंदाज दोन वेगवेगळ्या गणितांनी बघता येतो. एक युरोपातलं, एक अमेरिकेतलं. वर एक बटण होतं, दाबलं की एकाचं दुसरं व्हायचं. दोन्ही जुळले तर खुशाल बोलावं. जुळले नाहीत तर गप्प बसावं आणि उपग्रहाच्या चित्रावर नजर ठेवावी. हे मी स्वतःच्या वहीत माझ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. ती वही अजून आहे.

गावाचा मोबाईलवर एक ग्रुप होता. त्यात मी रोज सकाळी दोन ओळी टाकू लागलो. पहिल्या वर्षी सोयाबीन काढायच्या वेळी मी चार दिवस थांबा म्हणालो आणि तिसऱ्या दिवशी धो धो पाऊस आला. दुसऱ्या वर्षी सगळी चॅनलं ओरडत होती तेव्हा मी काही येत नाही म्हणालो, आणि आलं नाही. झालं. माणसं घरी येऊन विचारू लागली. लग्नाच्या तारखा, फवारणी, स्लॅब टाकणं, सगळं मला विचारून. नोकरीत असताना ज्याला साहेबानं कधी बसा म्हटलं नव्हतं, त्या माणसाला आता पारावर जागा करून देत होते. ते मला गोड लागलं. इथूनच वाकडं सुरू झालं.

आमच्याकडे वादळ कधी वादळ म्हणून येत नाही. समुद्र इथून कुठल्या कुठे. बंगालच्या उपसागरात उठतं, आंध्रात किनाऱ्याला धडकतं, तेलंगणात मोडतं आणि उरलेलं पाणी घेऊन कधी आमच्यावर येतं, कधी विदर्भाकडे वळतं. हवामान खात्याच्या नकाशात त्याचा मार्ग रेघेनं दाखवतात. रेघेवर ठिपके, ठिपक्यांजवळ तारीख आणि वेळ. आमच्या माणसांचा जन्म रेल्वेच्या फाट्यावर गेलेला, त्यांनी ती रेघ रुळासारखी वाचली. रेघ निजामाबादवरून आदिलाबादकडे गेली की आपली गाडी नाही, दुसऱ्या लाइनची. रेघ संपली की शेवटचं स्टेशन, सगळे उतरले. ती रेघ फक्त वादळाच्या मधल्या डोळ्याची असते, पाऊस तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन जिल्हे पसरलेला असतो, आणि रेघ संपते तिथे वारा संपतो, पाणी संपत नाही. मला हे माहीत होतं. पण मी ते कधी समजावून सांगितलं नाही. रुळाची भाषा त्यांना पटायची आणि मीही तीच बोलायचो. "आपल्या लाइनीवर न्हाई," असं म्हणायचो.

त्या ऑक्टोबरात माझ्या ओढ्याकाठच्या रानातलं सोयाबीन निघालं होतं. रान मोकळं, पुढे ज्वारी पेरायची. आमच्याकडे अशा मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात. मेंढपाळ चार-पाच रात्री कळप तिथे कोंडतो, लेंड्या आणि मूत जमिनीत जातं, त्याबदल्यात त्याला धान्य द्यायचं. तसलं खत कुठल्या पोत्यातून येत नाही. गावाच्या मेंढपाळाकडे सगळ्यांचे नंबर लागलेले असायचे. माझा नंबर तीन वर्षांनी आला होता. पाच रात्री ठरल्या होत्या. त्यांतल्या तीन झाल्या होत्या.

मेंढपाळ पन्नाशीचा, हाडकुळा, कमी बोलणारा. दीडशेच्या वर जनावरं होती, पण त्याची स्वतःची त्यांत चाळीससुद्धा नसतील. बाकीची त्याच्या मेव्हण्याची, दोन चुलतभावांची, एका विधवा बहिणीची. सगळ्यांनी विश्वासानं त्याच्या हाती दिलेली. त्यांच्यात रीत अशी होती की मुक्काम कुठे करायचा हे एकच माणूस ठरवतो, आणि मुक्कामावर जे काही होईल ते त्याच्याच माथ्यावर. लांडगा आला, रोग आला, पाणी आलं, जबाब त्यानं द्यायचा.

त्या दिवशी सकाळी मी ग्रुपवर टाकलं होतं: वादळ जमिनीवर येऊन विरले, उरलेला पाऊस उत्तरेकडे जाईल, आपल्याकडे भुरभुर, काळजी नसावी. युरोपच्या नकाशात तसंच दिसत होतं. दहाच्या सुमाराला चहा घेता घेता मी बटण दाबून दुसरा नकाशा बघितला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंतचा पाऊस आमच्या तालुक्यावर जांभळा दाखवला होता. जांभळा म्हणजे सगळ्यात वरचा रंग. बोटानं मोठं करून पाहिलं. ओढा ज्या माळावरून येतो, तो सगळा पट्टा जांभळा. मग उपग्रहाचं चित्र उघडलं. नांदेडच्या पलीकडे पांढरा लगदा बसला होता, कडा फाटलेल्या नव्हत्या, चांगला घट्ट होता आणि पश्चिमेला सरकत होता.

मी मोबाईल पालथा ठेवला. संध्याकाळी नवा नकाशा येईल तेव्हा बघू, असं स्वतःला सांगितलं. सकाळी एक सांगून दुपारी दुसरं सांगायचं म्हणजे लोक हसतील, हे एक. आणि दुसरं, जे मी आजवर स्वतःजवळही नीट कबूल केलं नव्हतं: कळप आज हलला तर माझ्या दोन रात्री जातील आणि पुन्हा नंबर कधी लागेल कोण जाणे.

दुपारी पारावर सात-आठ माणसं होती. मेंढपाळ आला, त्याच्यामागे त्याची बायको, डोक्यावर पाण्याची घागर. तो पारावर चढला नाही, खालीच उभा राहिला. म्हणाला, मेंढरं सकाळपासून चरत नाहीत, उगवतीकडं तोंड करून एका जागी उभी आहेत, मेंढा सारखा खूर आपटतोय, त्याला काही बरोबर वाटत नाही. आज कळप माळावर न्यावा म्हणतो. मग मला विचारलं, "आबा, तुमच्या नकाशात काय दिसायलंय?"

तेव्हा दोन शब्द बोलायचे होते. तितका वेळ होता, उजेड होता, माळ अर्ध्या तासाच्या वाटेवर होता.

मी म्हणालो, "आपल्या लाइनीवर न्हाई. भुरभुर येईल." तो तरी हलला नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. मला राग आला. माझ्या शब्दानंतर कोणी असं उभं राहायचं नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "का रे, आता मेंढा शहाणा का उपग्रह? मेंढ्याला इचारून सांगत जा मला, मीच ग्रुपवर टाकतो."

पारावरचे हसले. एकानं मेंढ्यासारखा आवाज काढला. मेंढपाळही कसनुसा हसला. त्याची बायको हसली नाही. तिनं त्याला हळूच म्हटलं, "जनावर खोटं बोलत न्हाई, चला माळावर." त्यानं तिच्याकडं न बघता मला सांगितलं, "तुमी म्हणायलाव तर ऱ्हातो, आबा. तुमचं शिकलेलं हाय."

संध्याकाळी नवा नकाशा आला. दोन्ही गणितं जुळली होती. दोन्हींत जांभळा. मी तेव्हाही त्याला फोन केला नाही. त्याच्याकडे बटणांचा साधा फोन होता, नंबर माझ्याकडे होता. आता अंधार पडलाय, आता कुठं हलवणार, सकाळी बघू, असं म्हणून मी जेवलो. जेवण गेलंही.

पाऊस पहाटे सुरू झाला. पत्र्यावर पाऊस पडतो तसा तो नव्हता. कोणी टोपल्यानं खडी ओतावी तसा होता, थांबत नव्हता आणि कमी-जास्तही होत नव्हता. एकतीस वर्षं मोजलेला माणूस मी, मला माप लागत नव्हतं. उजाडताना उठून बसलो आणि मोबाईल घेतला. मी पहिलं काम काय केलं ते लिहायलाच हवं. काळजी नसावी असा माझा कालचा मजकूर ग्रुपवरून सगळ्यांसाठी पुसून टाकला. मग कालचा जांभळा नकाशा टाकला आणि खाली लिहिलं, सावध राहा, सखल भागात जनावरे ठेवू नका. मग चपला घालून ओढ्याकडे धावलो.

पुलावरून पुढे जाता येत नव्हतं. पूल म्हणजे चार नळकांड्यांवरचा रस्ता, पाणी त्याच्यावरून जात होतं. मी अलीकडच्या भरावावर उभा राहिलो. माझं रान समोर, शंभर पावलांवर. ओढ्याला तिथे जुना फाटा आहे, एरवी कोरडा असतो. त्या सकाळी पाणी दोन्हींकडून आलं होतं आणि रानाचं बेट झालं होतं. मधोमध जाळीची वाघर, तिच्यात मेंढरं. पाणी त्यांच्या पोटाला लागलं होतं. पुढची जनावरं मागं रेटत होती, मागची पुढं. ज्यांचे पाय जाळीत अडकले ती खाली गेली होती आणि बाकीची त्यांच्यावर चढली होती. ओरडणं असं होतं की पावसातूनही ते दातांत जाणवत होतं.

मेंढपाळ कोयत्यानं जाळी तोडत होता. ओली दोरी कोयत्याला दाद देत नव्हती. त्याची बायको दोन कोकरं काखेत घेऊन बाभळीकडं जात होती, ती ठेवायची, परत यायची, आणखी दोन घ्यायची. वरून लोकांच्या सोयाबीनच्या गंजी वाहत येत होत्या, अख्ख्याच्या अख्ख्या, ताडपत्रीसकट. एक गंज वाघरीवर येऊन आपटली आणि खुंट्या उपटल्या गेल्या. जाळी कळपाला गुंडाळली गेली. त्यांचं कुत्रं रानात उभ्या बैलगाडीच्या चाकाला बांधलेलं होतं. ते साखळीला हिसके देत होतं, मग फक्त साखळी ताणलेली दिसली.

तेवढ्यात मेंढपाळानं जाळीला भगदाड पाडलं. मेंढा आधी बाहेर पडला. तो बांधाकडे वळला असता तर थोडी वाचली असती. तो धारेकडे गेला. मेंढरांचं तसंच असतं, एक गेलं की सगळी. एकामागून एक तीच उडी, त्याच जागेवरून. त्यानं हात पसरून त्यांना अडवलं, एकीच्या लोकरीला धरून तो ओढला गेला, पडला, उठला, दुसरीला धरलं. मी भरावावरून ओरडत होतो, सोड, सोड त्यांना, जीव वाचव. लोकर भिजली की मेंढी दगडासारखी जड होते. ती वर येत नव्हती. पाण्यावर काळं-पांढरं काहीतरी फिरायचं आणि पुलाच्या तोंडाशी येऊन माझ्या पायाखाली धडकायचं. मऊ आवाज व्हायचा. नळकांड्यांत ती गच्च बसली आणि मागून येणारी त्यांच्यावर आदळत राहिली. एकीचं डोकं माझ्या समोर वर आलं. डोळे उघडे होते. मी वाकून शिंग धरायला गेलो आणि हात मागं घेतला.

वाहत आलेल्या ओंडक्यानं बाईला खांद्यात मारलं. ती बाभळीला लटकून राहिली, एक हात लुळा. कोकरं गेली.

दहापर्यंत पाणी उतरू लागलं. दोघं जिवंत होते. जनावरांपैकी अकरा उरली.

दुपारी पाऊस थांबला. शाळेच्या मैदानावर माणसं जमली होती, कारण तेवढीच जागा कोरडी होती. पुलाच्या तोंडाशी मेंढ्यांचा बांध झाला होता, पोटं फुगायला लागली होती, गावची कुत्री तिथून हटत नव्हती. मोटारसायकलींवर मेव्हणा आला, चुलतभाऊ आले. त्यांनी आधी पूल पाहिला आणि मग मैदानावर आले. मेंढपाळ भिंतीला टेकून बसला होता. अंगावर चिखल वाळला होता. मेव्हण्यानं येताक्षणी त्याच्या छातीत लाथ घातली.

मग कोणी थांबलं नाही. त्याचीच काठी होती, बोरीची, खाली लोखंडी वळं असलेली, तीच त्याच्या हातून घेतली. पाठीवर, डोक्यावर, हातांवर. तो हात आडवे धरत नव्हता. तोंडातून रक्त आणि चिखल येत होता. एक चुलतभाऊ सारखं एकच विचारत होता, मुक्काम कोणी ठरवला, सांग, मुक्काम कोणी ठरवला. तो म्हणायचा, मी. पुन्हा काठी. पुन्हा तेच, मी. त्यानं माझं नाव घेतलं नाही. गावातली माणसं गोल करून उभी होती. कालचे हसलेलेही त्यांत होते. जमिनीकडं बघत होते.

त्याची बायको लुळा हात दुसऱ्या हातानं धरून माझ्यापुढं आली. पदर नव्हता, केसांत सोयाबीनचा पाला अडकलेला. तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "आबा, सांगा की त्याहिला. तुमीच म्हणले होते ना, ऱ्हा म्हणून. एवढं सांगा, माझा माणूस मरायलाय."

मारणाऱ्यांनी हात थांबवला. मेव्हण्यानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मेंढपाळानंही मान वर केली. एका डोळ्यावर सूज आली होती, दुसऱ्यानं तो बघत होता.

मी म्हणालो, "मी तर ग्रुपवर टाकलं होतं. सावध ऱ्हा म्हणून. सखल रानात जनावर ठेवू नका म्हणून."

कोणीतरी मोबाईल काढला. म्हणाला, हाव, आबांनी टाकलंय, हे बघा नकाशासकट. त्याच्या वरच मजकूर पुसल्याची खूण होती. संदेश हटवला असं तिथं लिहिलेलं असतं. नकाशाखाली वेळही दिसत होती, त्याच दिवशीच्या सकाळची, पाऊस सुरू झाल्यानंतरची. कोणी वाचलं नाही. किंवा वाचलं असेल.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या मागं मेव्हण्यानं काठी दोन्ही हातांनी वर उचलली आणि त्याच्या नडगीवर आणली. ओली फांदी मोडत नाही, पिळवटते. हाड तसं नव्हतं. ते एका फटक्यात मोडलं आणि आवाज मैदानभर गेला. त्याचा आत ओढलेला श्वास तेवढा ऐकू आला. तेव्हा कुठे माणसं मध्ये पडली.

त्याला जीपमध्ये घालून परभणीच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर गेलो. लोक म्हणाले, आबांचं मन मोठं. डॉक्टरनं कसं झालं विचारलं तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच बोललो. पुरात घसरला, दगडावर पडला. डॉक्टरनं पाठीवरचे वळ बघितले, माझ्याकडं बघितलं आणि तसंच लिहिलं.

पाय वाकडा जुळला. मेंढपाळाला चालता आलं नाही तर त्याचं काही उरत नाही. दिवसाला दहा-बारा कोस चालणारा माणूस. उरलेली अकरा जनावरं पाव्हण्यांनी नेली. नवरा-बायको तिच्या माहेरी गेले, पोखर्णीच्या पलीकडे. तो कोणाच्यातरी मोसंबीच्या बागेवर राखणीला बसू लागला. बसणं एवढंच काम त्याला जमत होतं. गावात त्याच्या दारूची गोष्ट कोणी सुरू केली ते मला माहीत नाही. ती मी थांबवली नाही.

माझ्या रानात त्या वर्षी ज्वारी पुरुषभर वाढली. गाळ बसला होता आणि त्या गाळात काय काय होतं ते मला ठाऊक होतं. बटाईदार खूश होता. मी ती ज्वारी खाल्ली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

नकाशे बघणं सुटलं नाही. उलट जास्त बघू लागलो. समुद्रात काही उठलं की दोन्ही गणितं, उपग्रह, वारा, सगळं दर तासाला. पण ग्रुपवर टाकणं बंद केलं. डोळे गेले असं सांगितलं. विचारायला घरी आलेल्याला एकच सांगायचो, रेघ बघू नका, आणि दोन नकाशे जुळत नसतील तर जनावरं वर न्या, नुकसान काय आहे. लोकांना वाटायचं, आबा म्हातारपणी भित्रे झाले.

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी मी पोखर्णीला गेलो. घरी नृसिंहाच्या दर्शनाला जातो म्हणून सांगितलं होतं. दर्शन घेतलं आणि मग ऑटो करून त्या बागेवर गेलो. तो खोपीपुढं बाजेवर बसला होता. मला पाहून काठी धरून उठायला लागला. मी बस बस म्हणालो, तरी उठला आणि वाकून पाया पडायला गेला. वाकता येईना. त्याचा हात माझ्या गुडघ्याला लागला आणि तिथेच राहिला.

त्याची बायको आतून चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला, माझ्यापासून थोडा लांब, आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

आम्ही पावसाचं बोललो, मोसंबीच्या फुलगळीचं बोललो. मेव्हण्याशी आता बोलणं आहे, म्हणाला. मी पायाचं विचारलं. थंडीत दुखतो म्हणाला. मग मी तोंड उघडलं. म्हणालो, त्या दिवशी... आणि पुढचं येईना. तोच म्हणाला, "जाऊ द्या आबा. तुमचा नकाशा चुकला, माझं नशीब चुकलं. माणूस थोडंच मुद्दाम चुकतो."

म्हणजे इतकी वर्षं त्यानं हे धरून ठेवलं होतं. मैदानावर मी घाबरून खोटं बोललो एवढं त्याला माहीत होतं आणि ते त्यानं सोडून दिलं होतं. पारावर जे सांगितलं ते मात्र मी प्रामाणिकपणे सांगितलं, चूक झाली ती नकाशाची, असं तो समजत होता. त्याच्या मनात माझं एवढं तरी उरलं होतं आणि तेच मला मोडायचं होतं. ते माझ्यानं झालं नाही. मी चहा उचलला, गार झाला होता, प्यालो, आणि परत आलो.

दोन महिन्यांपूर्वी तो छातीच्या दुखण्यानं गेला. दहाव्याला गेलो. कावळा लवकर शिवेना, माणसं एकमेकांत कुजबुजत होती, याचं काय राहून गेलं म्हणून. ती बाई डोक्यावरून पदर ओढून बसली होती. पदरातून तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. आता बोललो असतो तरी चाललं असतं, सगळे पाव्हणे तिथं होते, तो मेव्हणाही होता. मी हात जोडले आणि गर्दीच्या मागं जाऊन उभा राहिलो.

त्या बागेवर बाजेपुढं बसून मला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं.

गड्या, नकाशा चुकला नव्हता. दुसरा नकाशा मी सकाळी दहालाच बघितला होता, त्यात तुझं मरण दिसत होतं आणि मी तो पालथा ठेवला. माझ्या रानात तुझी मेंढरं आणखी दोन रात्री बसावीत म्हणून, आणि माझा शब्द खाली पडू नये म्हणून. संध्याकाळी दोन्ही जुळले, तरी तुला फोन केला नाही. तू ऱ्हातो म्हणालास ते माझ्यावर विश्वास ठेवून, आणि तुझ्या बायकोनं हात जोडावेत तशी तोंडानं भीक मागितली तेव्हा मी तुझ्या नडगीवर काठी पडू दिली. काठी मेव्हण्याच्या हातात होती, मारलं मी. मला माफ कर म्हणायचीही माझी लायकी नाही, तरी म्हणतो. मला माफ कर.